हात शेवटी

"पहिल्या स्लाईडवर एक अक्षरही नको," रणदिवे सर म्हणाले. "फक्त आकडा. काळ्यावर पांढरा. एक हजार."

त्यांनी व्हाईटबोर्डवर बारा चौकोन आखले होते. चार-चारच्या तीन रांगा. पहिल्या चौकोनात १००० लिहून त्यांनी त्याच्याभोवती दोनदा गोल फिरवला. मी समोर बसून वहीत तसेच बारा चौकोन काढत होते.

ही सतरा-अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पंचवीस वर्षांची होते आणि कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून लागून मला सहा महिने झाले होते. कारखान्याचं नाव सांगत नाही. गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग प्रेसवर कापायचे आणि वाकवायचे, हे तिथलं काम. उद्योजकांची एक संघटना दर वर्षी सुरक्षिततेचा पुरस्कार द्यायची आणि त्या वर्षी आम्ही शेवटच्या फेरीत होतो. तीन परीक्षक येणार, वीस मिनिटांचं प्रेझेंटेशन. गेटवर 'अपघाताविना दिवस' असा फलक होता, त्यावरचा आकडा वॉचमन रोज सकाळी बदलायचा. त्या सोमवारी तो ९८६ होता. परीक्षक यायचे ते बरोबर दोन आठवड्यांनी.

"प्रेझेंटेशन म्हणजे माहिती नव्हे, केतकी," रणदिवे सर म्हणाले. ते कारखान्याचे प्रमुख होते, पन्नाशीचे, शांत आवाजाचे. "ऐकणाऱ्याला तिसऱ्या मिनिटाला काय वाटायला हवं, दहाव्या मिनिटाला काय वाटायला हवं, ते आधी ठरवायचं. मग त्याला लागेल तेवढीच माहिती द्यायची. जास्त नाही."

मी हे वाक्य वहीत लिहून त्याखाली रेघ मारली. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचे. मोठ्या हुद्द्यावरच्या माणसानं मला असं समोर बसवून कधी काही शिकवलं नव्हतं.

"सातव्या चौकोनात चेहरा," ते म्हणाले. "तोवर त्यांना आकड्यांचा कंटाळा आलेला असतो. प्रेसवरची एखादी बाई घे. कंत्राटी असली तर उत्तम. हसरी हवी."

"आणि नऊ?"

"नऊ म्हणजे उत्पादन. सुरक्षितता सांभाळूनही उत्पादन वाढलं, असा चढता आलेख. मागची रजिस्टरं काढ आणि बसव."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसचा कॅमेरा घेऊन मी कॅन्टीनमध्ये गेले. प्रेसवर तीसेक बायका होत्या, जवळपास सगळ्या ठेकेदाराकडून आलेल्या. फोटो म्हटल्यावर कुणी केस सारखे केले, कुणी हसून दुसरीला पुढे ढकललं. चहाची किटली घेऊन फिरणारी मालन तेवढी बाजूला सरकली. चाळिशीकडे झुकलेली, उंच, कमी बोलणारी बाई. मी रोज तिच्या हातचा चहा पीत होते.

"मालनताई, तुम्हीपण उभ्या राहा ना."

"मला नगं. मी आपला हितनंच बघतो." आमच्या भागातल्या खेड्यांतल्या बायका अशाच बोलतात, 'मी आलो, मी गेलो'. ती वळली, पण तोवर मी बटण दाबलं होतं.

तो फोटो मी संगणकावर पाहिला. चेहरा अर्धाच आला होता. किटलीचा कान आणि तो धरलेला उजवा हात मात्र स्वच्छ आला होता. त्या हाताला अंगठ्याशेजारची दोन बोटं नव्हती. मुळापासून नव्हती. सहा महिने मी तिच्याकडून कप घेत होते आणि मला हे दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना मी हळूच विचारलं.

"घरी. कडबाकुट्टीत गावला," ती म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडे गेली. कुणी फोन नंबर विचारल्यावर तो सांगावा, तसं एका दमात.

मी ते खरं मानलं. आमच्याकडे कडबाकुट्टीत, म्हणजे गुरांचा चारा कापायच्या यंत्रात, हात गेलेली माणसं गावोगाव असतात.

मग मी नवव्या स्लाईडसाठी रजिस्टरं घेऊन बसले. प्रत्येक मशीनचं दर तासाचं उत्पादन त्यात लिहिलेलं असे. सतरा जानेवारी, पहिली पाळी, चार नंबरचा प्रेस. सात ते आठ, एकशे अठ्ठेचाळीस नग. आठ ते नऊ, एकशे एक्कावन्न. नऊ ते दहा, एकशे पन्नास. दहा ते अकरा, अडतीस. पुढे आडवी रेघ आणि 'मशीन बंद' असा शेरा. कामगाराच्या नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, मालन चौगले.

त्यानंतर प्रेसच्या रजिस्टरात मालन चौगले हे नाव कुठेही नव्हतं. महिनाभरानंतर ते कॅन्टीनच्या हजेरीत आलं.

मी पुन्हा त्या आकड्यांकडे पाहिलं. प्रेसला दोन बटणं असतात, दोन हात पसरावे लागतील इतकी लांब. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा जड ठोकळा खाली येतो. कारण साधं आहे, ठोकळा येताना दोन्ही हात बटणांवर असतील तर ते आत सापडणार नाहीत. असं काम केलं तर तासाला शंभराच्या वर नग निघत नाहीत. मी स्वतः घड्याळ लावून मोजलं होतं. दीडशे निघायला एकच मार्ग होता. एक बटण कशानं तरी कायमचं दाबून ठेवायचं, एका हातानं दुसरं दाबायचं आणि मोकळ्या हातानं आतला नग ओढायचा.

पाळी सुटल्यावर तीन वाजता मी बसथांब्यावर गेले. मालन कोपऱ्यात एकटी उभी होती.

"मालनताई, सतरा जानेवारीला चार नंबरवर काय झालं?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. रजिस्टरात दहानंतर तुमचं मशीन बंद पडलंय."

ती बाकावर बसली.

"उजव्या बटनाला पट्टी हुती," ती म्हणाली. "चिकटपट्टी. सगळ्यांच्याच मशीनीला हुती. डाव्यानं दाबायचं, उजव्यानं काढायचं. हात सरावलेला असतोय. त्या दिवशी नग आत अडाकला, एवढंच."

"पट्टी लावली कुणी?"

"इनामदार सुपरवायजर लावत्यात, पाळी चालू व्हायच्या आधी. तुमी अकराला फेरीला येता न्हवं? त्याच्या आधी काढत्यात. तुमी गेलासा की परत लावत्यात."

"म्हणजे अजून लावतात?"

"अजून म्हंजे? आज बी लावली."

ठेकेदारानं तिला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांना काय सांगायचं ते वाटेतच पढवलं.

"माझ्या दारात म्हस न्हाई, रेडकू न्हाई," मालन म्हणाली. "कडबाकुट्टी कशाला असंल?"

"तरी तुम्ही तसंच सांगता?"

"त्या बोलीवर क्यान्टीनचं काम दिलंय. मालक न्हाईत मला, पोरगी अकरावीला हाय." बस येताना दिसली तशी ती उठली. "मॅडम, ह्यातलं काय बी भाईर काढू नगासा."

ती बसमध्ये चढली. मी मान हलवली होती की नाही, मला आठवत नाही.

रणदिवे सरांना काही माहीत नसणार, असं मला अजून वाटत होतं. इनामदार आणि ठेकेदार यांनी मिळून केलं असेल. मी रजिस्टर घेऊन त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही.

"ती आपली कामगार नव्हती," ते म्हणाले. "ठेकेदाराची होती. आपल्या पटावर नाही."

"सर, प्रेस आपला आहे. पट्टी आपल्या सुपरवायझरनं लावली."

"केतकी, फलकावरचा आकडा खोटा नाही. आपल्या पटावरच्या माणसाला हजार दिवसांत अपघात झालेला नाही. आकडा म्हणजे व्याख्या असते. आणि ती बाई कुठे तक्रार करतेय? तिला आपण बसून करायचं काम दिलंय."

"ती दिवसभर किटली घेऊन फिरते, सर."

ते हसले. चिडले असते तर बरं झालं असतं. "हे प्रेझेंटेशन तू करणार आहेस. मी नाही. पंचविसाव्या वर्षी अशी संधी मला मिळाली नव्हती. जा, नऊ नंबर पुरा कर."

मी खोलीतून बाहेर आले. संताप म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. त्या बाईची दोन बोटं गेली आणि या माणसानं ती व्याख्येत बसवून दाखवली! आणि मला, सेफ्टी ऑफिसरला, रोज अकरा वाजता नाटकातल्या पोलिसासारखी फेरी मारायला लावली.

मी मनाशी पक्कं केलं. त्यांना दाखवायला बारा स्लाईड त्यांच्या म्हणण्याप्रमाणे केल्या. दुसऱ्या पेनड्राईव्हवर सातवी स्लाईड बदलली. हसऱ्या बाईच्या जागी तो किटलीवरचा हात घातला, पडदाभर मोठा. खाली तीन ओळी लिहिल्या. 'एक कंत्राटी कामगार. एक क्षण. दोन बोटं.' त्या ओळींवर मी फार खूश होते. सातव्या स्लाईडला परीक्षकांना काय वाटेल ते मी ठरवलं होतं. त्यांचा श्वास अडकेल, मग ते विचारतील, मग मी सगळं सांगेन. मालनला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. बसथांब्यावर ती काय म्हणाली होती, ते मी तिच्या भीतीच्या खात्यावर टाकून दिलं.

तो दिवस उजाडला. गेटवर झेंडूच्या माळा होत्या. सभागृहात पुढे तीन परीक्षक, मधोमध अध्यक्ष पारसनीस. पांढऱ्या भुवयांचे, कमी बोलणारे निवृत्त अधिकारी. मागे रणदिवे सर, इनामदार आणि इतर विभागांचे लोक. मी पहिली स्लाईड लावली. काळ्यावर पांढरा, एक हजार. परीक्षकांपैकी एकानं भुवया उंचावून मान डोलावली. रणदिवे सरांचं गणित बरोबर होतं, तिसऱ्या मिनिटाला सगळे प्रसन्न दिसत होते.

मग सातवी स्लाईड आली.

"हा हात कुणाचा?" पारसनीसांनी विचारलं.

तेवढ्यात दार उघडलं आणि चहाचा ट्रे घेऊन मालन आत आली. मी तिच्याकडे बघायला नको होतं, पण बघितलं. माझ्या पाठोपाठ सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. तिनं समोरच्या भिंतीवर स्वतःचा हात पाहिला, माणसाएवढा उंच. ट्रेमधले कप एकमेकांवर वाजायला लागले.

"बाई, हा तुमचा हात?" पारसनीसांनी मऊ आवाजात विचारलं.

"व्हय."

"कसं झालं हे?"

तिनं रणदिवे सरांकडे बघितलं नाही, इनामदारकडेही नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"घरी," ती म्हणाली. "कडबाकुट्टीत गावला."

ट्रे टेबलावर ठेवून, पदराखाली हात घेऊन ती निघून गेली.

खोटं आहे हे, असं ओरडून सांगायचं होतं. पण ज्या बाईचा हात होता तिनंच सांगितलं होतं, तिच्या पुढे माझ्या म्हणण्याला काय किंमत? तेवढ्यात रणदिवे सर उभे राहिले.

"आमच्या तरुण अधिकाऱ्यांची कळकळ आपण पाहिलीत," ते शांतपणे म्हणाले. "कामगाराच्या घरी, तिच्या गोठ्यात झालेला अपघातसुद्धा आम्ही आमचा मानतो. सुरक्षितता गेटपाशी थांबत नाही, हा आमचा विचार आहे. या बाईंना आम्ही हलकं काम दिलं आहे. केतकी, पुढची स्लाईड."

एका परीक्षकानं ते वाक्य लिहून घेतलं. मी डोळ्यांनी पाहिलं. 'सुरक्षितता गेटपाशी थांबत नाही.'

आणि मी पुढची स्लाईड लावली. ही गोष्ट मी कुणाला सांगते तेव्हा इथे अडखळते. मी आठवी लावली, नववी लावली, तो चढता आलेख दाखवून 'उत्पादनात भरीव वाढ' असं माझ्याच तोंडानं म्हटलं. बाराव्या स्लाईडला टाळ्या झाल्या.

तीन वाजता मला बोलावून राजीनाम्याचा कागद पुढे ठेवला. मसुदा तयारच होता. मी सही केली. पुरस्कार आम्हालाच मिळाला. 'आम्हाला' हा शब्द अजून तोंडात येतो, काय करू.

दोन दिवस मी खोलीत पडून होते. राजारामपुरीत एका कुटुंबाच्या माडीवर मी राहायची. मला सगळ्यांचा राग आला होता. रणदिवे सरांचा, त्या मान डोलावणाऱ्या परीक्षकांचा आणि सगळ्यात जास्त मालनचा. मी नोकरी घालवली हिच्यासाठी आणि हिनं भर सभेत मला खोटं पाडलं!

तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. दारात मालन. घामेजलेली, डोळे लाल.

"हितं राहता व्हय," ती म्हणाली आणि आत येऊन उभीच राहिली. "माझं काम गेलं मॅडम. त्याच दिवशी. ठेकेदार म्हणला, उद्यापासनं येऊ नगं."

"पण तुम्ही तर त्यांच्याच बाजूनं बोललात."

"मग काय बोलाय हवं हुतं? माझा हात भितीवर लावलासा तुमी. एवढा मोठा! ज्यो मी घरात पोरीपुढं बी पदराखाली धरतो. मला इचारलासा काय? एका शब्दानं इचारलासा?"

"मालनताई, मी तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी? माझ्यासाठी असंल तर माझं नाव कुठं हुतं त्याच्यावर? 'एक कंत्राटी कामगार.' पोरीनं शिकवलंय मला वाचायला. साहेब म्हणतोय ठेकेदाराची बाई, तुमी म्हणता एक कंत्राटी. मला नाव न्हाई?"

"नाव तुमच्या भल्यासाठीच घातलं नव्हतं. तुम्ही सांगू नका म्हणाला होतात म्हणून."

"हात सगळ्यास्नी वळखू येतोय. नाव तेवढं झाकलं!"

दोन दिवस जपलेला माझा राग तिच्या रागापुढे पोरकट वाटायला लागला. मी तिला पाणी दिलं. तिनं तांब्या घेतला, प्यायली आणि मग पहिल्यांदा खाली बसली.

"दावा मला ते सगळं," ती म्हणाली. "पयल्यापासनं. त्या दिवशी मी अर्ध्यातनं आलो."

मी लॅपटॉप उघडला. ती एकेक स्लाईड बघत गेली. सातव्या स्लाईडला मी घाईनं बटण दाबलं. नवव्या स्लाईडला मात्र तिनं माझं मनगट धरलं.

"ह्यो डोंगर कशाचा?"

"तासाला किती नग निघाले, त्याचा आलेख."

"किती लिवलंय वर?"

"दीडशे."

"पट्टीबिगार दीडशे निघत्यात व्हय?"

"नाही. शंभराच्या वर नाही निघत. मी मोजलंय."

"मग ह्येच की!" तिनं पडद्यावर बोट आपटलं, डाव्या हाताचं. "त्यांनी आपल्या हातानं लिवून ठेवलंय, आन तुमी हात दावत बसलासा. आवं, हात बघितला की माणूस हातच बघतोय. च्च च्च करतोय. मग च्या पितोय. मशीन कोण बघत न्हाई."

वीस मिनिटांत कुणाला काय वाटायला हवं, हे दोन आठवडे मी ठरवत होते. तिच्या एका वाक्यात माझं सगळं मोडून पडलं.

"तक्रार करायची आपण?" मी विचारलं. "सरकारी कारखाना निरीक्षक असतात. त्यांच्याकडे?"

"आता काय ऱ्हायलंय माझ्याकडं घालवायला? चला. पर ह्या बारीला मी सांगीन तसं. लिवा."

मी वही काढली. या वेळी चौकोन आखले नाहीत. ती भिंतीला टेकून, डोळे मिटून सांगत होती आणि मी लिहीत होते. आधी ह्यो डोंगर. मग दोन बटनं कशासाठी असत्यात ते. मग पट्टी कोण लावतंय, कवा लावतंय, कवा काढतंय. किती मशीनी, किती बायका. मग सतरा तारीख आन सव्वादहाची येळ.

"मग माझं नाव. पुरं घाला. मालन शिवाजी चौगले. शिवाजी माझं मालक."

"आणि हात?"

"हात शेवटी. आन त्यो मी दावीन. तुमी न्हाई."

दुसऱ्या दिवशी दहाला आम्ही त्या कार्यालयात होतो. निरीक्षक घोरपडे नावाचे होते, टेबलावर फायलींचे ढीग, चष्मा कपाळावर. त्यांनी आमचा अर्ज हातात घेतला आणि पहिला प्रश्न तोच विचारला. "तुम्ही कंपनीच्या पटावर होता की ठेकेदाराच्या?"

मी बोलायला तोंड उघडलं. मालननं माझ्या गुडघ्यावर डावा हात ठेवला.

"मी ठेकेदाराचा असंन साहेब," ती म्हणाली. "मशीन कुणाच्या पटावर हाय?"

घोरपड्यांनी चष्मा खाली घेतला. "बोला."

ती बोलली. आदल्या दिवशी ठरवलेल्या क्रमानं, एक पायरी न चुकता. आवाज चढवला नाही. मी फक्त आलेखाचा छापलेला कागद आणि रजिस्टरातून उतरून घेतलेले आकडे पुढे सरकवले. घोरपडे सुरुवातीला टेकून बसले होते. दोन बटणांच्या भागाला ते पुढे वाकले. त्यांनी कागदावर स्वतः भागाकार केला, एका नगाला किती सेकंद मिळतात त्याचा, आणि पेन खाली ठेवलं.

"आणि हे आजही चालू आहे?"

"आज बी. चार नंबरवर शोभा मगदूम बसती. नवी हाय, दोन महिनं झालं. तिला वाटतंय मशीन अशीच असत्या."

"फेरी अकराला असते म्हणालात?"

"हां. आता मॅडम न्हाईत, फेरी बी न्हाई. पट्टी दिवसभर ऱ्हात असंल."

त्यांनी घड्याळ बघितलं आणि उठले. "गाडी काढायला सांगा," त्यांनी बाहेर हाक मारली. मग मालनला म्हणाले, "तुम्ही चला माझ्याबरोबर. मशीनं तुम्हाला ओळखू येतील."

मालनचा उजवा हात तोवर पदराखालीच होता. तो दाखवायची वेळच आली नव्हती.

मीही जीपमध्ये मागे बसले, पण गेटवर वॉचमननं मला उतरवलं. राजीनामा दिलेल्यांना आत सोडायचं नाही, असा हुकूम होता. घोरपडे म्हणाले, थांबा तुम्ही इथेच. जीप आत गेली. पुढच्या सीटवर मालन ताठ बसलेली मला पाठमोरी दिसली.

मी समोरच्या टपरीवर बसून राहिले. पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. चौकशी लागली, पुरस्कार काढून घेतला, तो का काढून घेतला हे मात्र कुठे छापून आलं नाही. इनामदारला घरी बसवलं. ठेकेदारानं भावाच्या नावानं दुसरी एजन्सी काढली. रणदिवे सरांची बदली झाली, ती दुप्पट मोठ्या कारखान्यावर. तिथेही ते कुणा तरुण मुलीला समोर बसवून चौकोन आखायला शिकवत असतील, असं मनात आलं की अजून माझं डोकं तापतं. मालनचा अपघात कामावरचा अपघात म्हणून नोंदवून घ्यायला दोन वर्षं आणि अकरा तारखा लागल्या. प्रत्येक तारखेला ती हजर होती. मी सात वेळा गेले. मशीनांना नवी बटणं बसली, एक दाबून ठेवलं तर न चालणारी. मी आता कारखान्यांमधून सुरक्षिततेचे वर्ग घेते आणि मशीन दाखवल्याशिवाय कुणाचा हात दाखवत नाही.

हे सगळं पुढचं. त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं की गेट बंद आहे आणि आत प्रेसचा जो ठोका बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू यायचा, तो एकेक करून थांबत चालला आहे. शेवटी पूर्ण शांत झालं. टपरीवाला बाहेर येऊन म्हणाला, "लाईट गेली काय?"

दीड वाजता मालन चालत बाहेर आली. मी धावत गेले.

"काय झालं?"

"धा मशीनी. सात पट्ट्या निघाल्या. साहेबानं त्या सोडवून पाकिटात घातल्या, वर माझी सही घेतली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "शोभी रडाय लागली. तिला म्हणलं, रडतीस कशाला, बोटं मोज."

"आणि रणदिवे सर?"

"हुते की. आपल्या खोलीत बोलावलं आमास्नी. मला बघितलं आन उठून खुर्ची वडली. म्हणलं, मालनताई, बसा. आधी बसा, च्या घ्या, मग बोलू." ती माझ्याकडे वळली. "ईस महिनं प्रेस वडला त्यांचा, आठ महिनं च्या दिला त्यांस्नी. कवा नाव घेतलं न्हवतं."

"मग?"

"मी बसलो न्हाई."